काजव्यांच्या झाडांखाली अंधार राहावा यासाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या जलाशयाला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने वसलेल्या आमच्या वाड्यांमध्ये मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. वळवाच्या दोन-चार सरींनी जमीन भिजली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर दिवेलागणीनंतर काजवे लुकलुकू लागतात आणि मृगाच्या पावसाने जोर धरला की ते ओसरतात. या मोजक्या दिवसांत, त्यातही शनिवारच्या रात्री, मुंबई, पुणे आणि नाशिककडून येणाऱ्या गाड्यांची रांग घोटीच्या बाजूने शेंडीपर्यंत आणि तिथून पुढे घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या अरुंद रस्त्यांवर अशी लागते की रस्त्यालगतच्या काही झाडांखाली काजव्यांहून मोबाइलचे दिवेच अधिक दिसतात. येत्या हंगामापूर्वी यावर काही व्यवस्था उभी करण्याचे आम्ही ग्रामस्थांनी समिती स्थापून ठरवले असून तिच्यासाठी पैसा, साहित्य आणि माणसे अशी तिन्ही प्रकारची मदत मागण्याकरिता हे आवाहन करीत आहोत.

आमचा हा सर्व परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २७ व्या कलमानुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना छळण्यास आणि जमिनीवर कचरा टाकण्यास मनाई आहे. कायदा आहे, वनविभागाचे नाकेही आहेत. परंतु शेकडो गाड्या एका रात्रीत आत आल्यानंतर प्रत्येक झाडाखाली वनरक्षक उभा राहू शकत नाही, हे आम्ही जवळून पाहतो. म्हणून केवळ तक्रार करून थांबणे आम्हाला योग्य वाटत नाही.

उजेडाने नेमके काय बिघडते, हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो. काजवा हा भुंग्याच्या कुळातला कीटक आहे. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात, गोगलगायी आणि गांडुळे खाऊन जाते. पंख फुटून तो झाडावर चमकू लागतो तेव्हा त्याच्या हाती दोन-तीन आठवड्यांचेच दिवस असतात आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरीन नावाच्या द्रव्याची प्राणवायूशी प्रक्रिया होऊन तो थंड प्रकाश निर्माण होतो. नर आपल्या जातीच्या ठरावीक लयीत चमकतो आणि गवतात किंवा खालच्या झुडपात बसलेली मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. गाडीचा प्रखर पांढरा दिवा किंवा टॉर्च त्या झुडपावर पडला की नराला मादीचे उत्तर दिसत नाही, आणि पुष्कळदा उजेडात नर चमकायचेच थांबतो. पाहणाऱ्याला वाटते, ‘या झाडावरचे गेले, पुढच्या झाडाकडे चला.’ तिकडे जाताना तो ज्या ओलसर पाचोळ्यावरून चालतो, त्यातच माद्या बसलेल्या असतात आणि तिथेच त्यांनी अंडी घातलेली असतात किंवा घालायची असतात. काही जातींच्या माद्यांना पंख नसल्याने त्यांना उडून बाजूला होणेही शक्य नसते. त्यामुळे या वर्षी जिथे गर्दीने पाचोळा तुडवला, तिथे पुढच्या वर्षी काजवे कमी दिसले तर त्याचे कारण दूर शोधण्याची गरज नसते.

काजव्यांच्या अभ्यासकांनी २०२० साली जगभरातल्या तज्ज्ञांची मते गोळा केली, तेव्हा अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके हे तीन धोके सर्वांत मोठे ठरले. आमच्याकडे जंगल अजून बऱ्यापैकी टिकून आहे आणि डोंगरउतारावरच्या खाचरांत भारी औषधे मारण्याइतका पैसा कोणाजवळ नाही. राहिला प्रकाश, आणि तो बाहेरून येतो.

छायाचित्रकारांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. त्यांतील अनेक जण अभ्यासू आहेत, वर्षानुवर्षे येतात आणि आमच्या घरी जेवतात. त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. तथापि काजव्यांनी लगडलेल्या झाडाचे जे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरते, ते बहुधा एका क्षणाचे नसते. कॅमेऱ्याचा पडदा अर्धा-अर्धा मिनिट उघडा ठेवून घेतलेल्या कित्येक चौकटी संगणकावर एकमेकींवर बसवून ते तयार केलेले असते. त्यात लबाडी आहे असे आमचे म्हणणे नाही, ती त्या कलेची रीत आहे. पण खाली तसे लिहिलेले नसते. ते पाहून शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला झाडावर तसा लखलखाट दिसला नाही की तो निराश होतो आणि काजव्यांना ‘जागे’ करू पाहतो. फांद्या हलवणे, झाडावर खडे मारणे, हॉर्न वाजवणे, काजवे बाटलीत भरून मुलांच्या हाती देणे हे सर्व प्रकार आम्ही पाहिले आहेत. मोबाइलच्या फ्लॅशविषयी तर काय लिहावे! तो उजेड चार पावलांपलीकडे पोहोचत नाही आणि जेवढा पोहोचतो तेवढ्यात काजव्याचा मंद प्रकाश बुडून जातो, म्हणजे काजवा बुजतो आणि छायाचित्रही मिळत नाही. तरीही रात्रभर फ्लॅश चमकतच राहतात.

मोठे कॅमेरे आणणाऱ्यांची तऱ्हा वेगळी असते. दुसऱ्याच्या टॉर्चवर ते रागावतात, परंतु झाडाचा बुंधा चित्रात उठून दिसावा म्हणून स्वतः त्यावर टॉर्च फिरवतात. मनासारखा कोन मिळावा म्हणून पायवाट सोडून झुडपात शिरतात, आड येणारी फांदी मोडतात आणि तिवई भर वाटेत मांडून गावकऱ्यांनाच तिथून जाऊ नका म्हणतात. चित्रात ‘गावपण’ यावे म्हणून एखाद्या म्हाताऱ्या आजींना कंदील घेऊन अर्धा-पाऊण तास झाडाखाली उभे केले जाते आणि नंतर त्या चित्राखाली ना गावाचे नाव असते, ना त्यांचे. दुसरीकडे वाडीचे आणि झाडाचे नेमके ठिकाण नकाशाच्या खुणेसह टाकले जाते, आणि पुढच्याच शनिवारी त्या झाडाखाली जत्रा भरते.

गर्दीचा त्रास काजव्यांपुरता नाही. आमचा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी वाहने अडकली की रात्री आजारी माणसाला राजूरच्या दवाखान्यात नेणे अशक्य होते. अंगणात आणि पेरणीसाठी राबून ठेवलेल्या खाचरांत गाड्या उभ्या राहतात, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबावरून चाके जातात आणि सकाळी तिथे काचेच्या बाटल्यांचे तुकडे निघतात. पुढे चिखलणीला त्याच खाचरात अनवाणी उतरावे लागते. मोठ्या आवाजातली गाणी पहाटेपर्यंत चालतात. पावसाच्या तोंडावर फुरसे आणि विंचू बाहेर पडलेले असतात, आणि चप्पल घालून गवतात शिरलेल्या पाहुण्यांना हे ठाऊक नसते, याची धास्ती आम्हालाच अधिक असते.

मग पर्यटन बंदच का करत नाही, असे काही हितचिंतक विचारतात. त्यांच्या भावनेचा आदर राखून सांगतो की आम्हाला ते नको आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या वाड्यांत भाताचे एक पीक सोडले तर मिळकतीचे साधन थोडे आहे. १९२६ साली पूर्ण झालेले धरण आमच्या उशाशी असले तरी त्याचे पाणी खाली प्रवराकाठच्या शेतांना जाते. पेरणीपूर्वीच्या या हाताला काम नसलेल्या दिवसांत जेवण, राहुटी आणि वाट दाखवणे यांतून जे चार पैसे मिळतात, त्यातून बियाणे येते आणि मुलांच्या वह्या येतात. थायलंडमधील अम्फावा येथे नदीकाठी काजवे दाखवणाऱ्या मोटारबोटींची गर्दी आणि गोंगाट इतका वाढला की काही रहिवाशांनी वैतागून आपल्या दारातली, काजवे बसणारी झाडेच तोडून टाकली. आमच्यावर ती पाळी येऊ नये. राहुट्या लावणाऱ्या काही स्थानिकांनीही विजेच्या माळा आणि ध्वनिवर्धक लावले होते, हे खरे आहे. त्यांच्याशी बोलणे झाले असून या हंगामापासून राहुट्यांबाहेर पांढरा दिवा न लावण्याचे त्यांनी ग्रामसभेसमोर कबूल केले आहे.

आता व्यवस्थेविषयी. काजव्यांची झाडे जिथे दाट आहेत, त्या पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडे पडीक जमिनीवर वाहनतळ करून तिथून पुढे पाहुण्यांना पायी न्यावे, असा आमचा बेत आहे. दिवे बंद आणि आवाज कमी, एवढे दोनच नियम प्रत्येक गटाला वाहनतळावरच समजावून सांगितले जातील. गटाबरोबर वाडीतील एक प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी राहील आणि वाट बांबू रोवून व दोर बांधून आखलेली असेल. अंधारात चालण्यासाठी टॉर्च लागलीच तर तिच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद लावला जाईल, कारण पांढऱ्या-निळसर प्रकाशाच्या मानाने लाल प्रकाशाचा काजव्यांना त्रास कमी होतो. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात एकाच लयीत चमकणारे काजवे पाहण्यासाठी सोडत काढून मर्यादित वाहनांनाच प्रवेश देतात आणि तिथेही टॉर्चला रंगीत कागद लावण्यास सांगतात. तेव्हा आम्ही काही जगावेगळे मागतो आहोत असे नाही. सोडत काढण्याचा अधिकार आम्हाला नाही. तथापि एका वेळी किती जणांना आत सोडावे याविषयी वनविभागाकडे लेखी विनंती करणार आहोत.

या कामासाठी सर्वांत मोठा खर्च मानधनाचा आहे. रात्री सातपासून मध्यरात्रीपर्यंत वाटेवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना प्रत्येकी प्रतिरात्र ५०० रुपये द्यावेत असे ठरले आहे, आणि एका व्यक्तीच्या एका रात्रीचा भार जरी आपण उचललात तरी ते मोलाचे आहे. वाहनतळासाठी ज्यांची जमीन घ्यायची, त्या शेतकऱ्यांना भाडे द्यावे लागेल. तात्पुरती स्वच्छतागृहे, विशेषतः स्त्रियांसाठी, ही दुसरी निकड आहे. आजवर त्यासाठी झाडोरा हाच आसरा होता आणि काजव्यांच्या माद्याही तिथेच असतात. दोर, लाल जिलेटीन कागद, मराठी फलक आणि कचरा तालुक्याच्या ठिकाणी नेणाऱ्या टेम्पोचे भाडे यांना फार पैसा लागणार नाही, परंतु ते वेळेवर हाती हवे. बांबू आमच्याकडे आहेत, ते कोणी पाठवू नयेत. जुने कपडे आणि खाऊची पाकिटेही पाठवू नयेत, ही नम्र विनंती; त्यांचे प्लास्टिक शेवटी आम्हालाच गोळा करावे लागते.

ज्यांना पैशाची मदत शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. गिर्यारोहण संस्था आणि महाविद्यालयांच्या निसर्ग मंडळांनी प्रत्येक शनिवार-रविवारसाठी काही स्वयंसेवक पाठवले तर वाहनतळावर मोठा आधार होईल, कारण शहरातल्या माणसाला शहरातल्याच माणसाने सांगितलेले अधिक पटते, असा आमचा अनुभव आहे. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काही ठरावीक झाडांवर दरवर्षी काजव्यांची नोंद ठेवण्याचे काम हाती घ्यावे, म्हणजे व्यवस्थेचा उपयोग होतो की नाही हे अंदाजावर राहणार नाही. राहण्या-जेवणाची सोय गावाकडून केली जाईल.

छायाचित्रकारांकडून आम्हाला देणगीपेक्षा निराळे साहाय्य हवे आहे. त्यांनी समितीकडे आगाऊ नाव नोंदवावे. त्यांच्यासाठी आठवड्याच्या मधल्या वारी, पाहुणे कमी असताना, दोन जागा राखून ठेवू. तिथे तिवई एकदा मांडली की हलवायची नाही, कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा बंद ठेवायचा, त्याच्या स्क्रीनचा उजेड झाकायचा आणि ड्रोन आणायचे नाही, एवढे पथ्य पाळावे लागेल. चित्र प्रसिद्ध करताना ते अनेक चौकटी जोडून केले असल्यास तसे खाली लिहावे, झाडाचे नेमके ठिकाण देऊ नये, आणि चित्रात गावचे माणूस असल्यास त्याची संमती घ्यावी व त्याचे नावही द्यावे.

देणगी समितीच्या बँक खात्यातच जमा करावी. खात्याचा तपशील ग्रामपंचायत कार्यालयाच्या फलकावर लावला आहे. रस्त्यात किंवा वाहनतळावर कोणी पावतीशिवाय रोख रक्कम मागितल्यास ती देऊ नये आणि कार्यालयात कळवावे. जमाखर्च हंगामानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल आणि देणगीदारांना त्याची प्रत पाठवली जाईल. रक्कम उरल्यास ती पुढील वर्षाच्या मानधनासाठी राखून ठेवण्यात येईल. प्रशिक्षण रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवे, त्यामुळे आर्थिक साहाय्य आणि स्वयंसेवकांची नावे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याअखेर मिळावीत, अशी विनंती आहे.

आपले नम्र,
ग्रामस्थ समितीचे अध्यक्ष व सदस्य