सोयाबीनच्या पुडीवर ‘कर्करोगरोधक’ छापण्याआधी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

‘सोयाबीनमध्ये कर्करोग रोखणारा घटक असतो’ हे मोबाइलवर फिरणारं वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. कृष्णाकाठच्या गावांत सोयाबीन शेतात आहे आणि मिशरी (दातांना लावायची भाजलेली तंबाखू) घरात, त्यामुळे इथे हा अर्धवटपणा महागात पडेल.

घटक खरा आहे. ल्युनासिन हे 43 अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा आखूड तुकडा. त्याच्या शेपटाकडची अ‍ॅस्पार्टिक आम्लांची रांग पेशीतल्या हिस्टोन प्रथिनांना (ज्यांवर डीएनए गुंडाळलेला असतो) चिकटते आणि त्यांचं अ‍ॅसिटिलीकरण, म्हणजे जनुकं चालू व्हायला मदत करणारा रासायनिक बदल, अडवते. 1999 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी ल्युनासिनचं जनुक सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातलं, तेव्हा त्या पेशींचं विभाजन थांबलं. पण प्रयोगशाळेतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. पोटात गेलेलं पेप्टाइड पचून जातं. त्याला थोडंफार वाचवतो तो सोयाबीनमधलाच बोमन-बर्क इन्हिबिटर, प्रथिनं पचवणाऱ्या रसांना अडवणारा, 71 अमिनो आम्लांचा. गंमत अशी की कच्चं सोयाबीन पचत नाही ते याच्यासारख्या घटकांमुळेच. म्हणून ‘न शिजवता जास्त गुणकारी’ असा सल्ला कुणी देत असेल तर तो घातक आहे. मोड आणण्यावरही भरवसा नको, काही दिवस मोड वाढू दिले की ल्युनासिन घटतं.

या इन्हिबिटरची परीक्षा नेमक्या आपल्या दुखण्यावर झाली आहे: तोंडातले पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लाकिया, ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो. 32 रुग्णांच्या पहिल्या छोट्या चाचणीत 31 टक्क्यांना गुण दिसला. मग 132 जणांची मोठी चाचणी झाली, 89 जण सहा महिने टिकले. चट्टे सरासरी 20.6 टक्क्यांनी आकसले, पण नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांचेही 17.1 टक्क्यांनी आकसले! फरक ग्राह्य धरण्याइतका नव्हता. पुड्या विकणारे पहिली चाचणी सांगतील, दुसरी सांगणार नाहीत.

तरी विषय सोडून द्यावा असं आम्ही म्हणत नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात ‘फुले संगम’सारखे सोयाबीनचे वाण तयार झाले. वाण आणि हवामानानुसार ल्युनासिन बदलतं, तेव्हा आधी प्रत्येक वाणात ते किती हे मोजावं. कृती साधी आहे. दाणे बारीक दळून हेक्झेन या द्रावकाने तेल काढायचं. पिठाच्या दहापट 7.4 पीएचचं फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून 4 अंशांवर ढवळत ठेवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून वरचं पाणी घ्यायचं. चुका पुढे होतात. पेप्टाइड जेमतेम पाच-साडेपाच किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं एकक). अर्क शुद्ध करायच्या नेहमीच्या 12-14 किलोडाल्टनच्या डायलिसिस पिशवीतून ते निसटून जातं आणि अहवालात ‘आढळले नाही’ येतं. पिशवी 1 किलोडाल्टनची हवी. प्रथिनं आकारानुसार वेगळी करायच्या नेहमीच्या ग्लायसिन जेलमध्ये ते खालच्या रंगासोबत पळतं, म्हणून ट्रायसिन जेल. ब्लॉटची, म्हणजे जेलमधलं प्रथिन उतरवून ओळखायची, पडदी 0.45 नव्हे, 0.2 मायक्रॉनच्या छिद्रांची. आणि मोजणी कच्च्या पिठाबरोबर शिजवलेल्या दाण्यांचीही करा, लोक शिजवूनच खातात.

आपल्याकडे मागणं एवढंच. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी आहेच. अन्न व औषध प्रशासनाने सोयाबीन आणि इतर बियांच्या पिठांच्या पाकिटांवरचे आणि मोबाइलवर फिरणारे दावे त्या नजरेने तपासावेत. मोजणीसाठी कृषी विद्यापीठ आणि सांगली-मिरजेतली वैद्यकीय महाविद्यालयं यांना एकत्र बसवावं. पुढे माणसांवर चाचणी घ्यायची झाली तर तिच्यात खोट्या गोळीचा गट असलाच पाहिजे. 20.6 आणि 17.1 मधला धडा तोच आहे.

तोवर तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडतपासणी उपकेंद्रात व्हावी. परिचारिकेने गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा बॅटरीच्या उजेडात पाहावी आणि मिशरी लावणाऱ्या बायकांची दातांजवळची हिरडी विसरू नये. दोन आठवड्यांहून जुनी जखम किंवा चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात पुढे पाठवावं. याला पेप्टाइड लागत नाही.

आपले,
बियांमधल्या प्रथिनांवर काम करणारे काही जण
सांगली