दुपारच्या उन्हात जरा बस

चि. बंटीस,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून बाप पत्र लिहितोय म्हणून हसशील, हस. ऐरोलीहून तुझी कॅब पहाटे येते तेव्हा आम्ही झोपेत असतो. दुपारी तू उठतोस, अंघोळ, जेवण, मोबाईल, की पाच वाजता पुन्हा कॅब खाली उभी. मधल्या वेळात मी काही बोलायला गेलो तर ‘हो बाबा’ म्हणून तू चार्जर शोधायला लागतोस. कागदाला ‘हो बाबा’ म्हणून उठून जाता येत नाही.

दिवाळीपासून तू बोलेनासा झाला आहेस. सुट्टीच्या दिवशीही दुलईत पडून असतोस, मान आखडली म्हणतोस, कंबर धरली म्हणतोस. आई म्हणते थंडीने, तू म्हणतोस आळसाने. मला दोन्ही पटत नाही. ठाण्याच्या थंडीला थंडी म्हटलं तर नाशिककर हसतील. आणि महिनोन्महिने रात्रपाळी करणाऱ्याला आळशी कसं म्हणू?

मला वाटतं, तुला ऊन मिळत नाही. जूनमध्ये आपल्याकडे सव्वातेरा तासांचा दिवस असतो, डिसेंबरअखेर तो अकरा तासांवर येतो. त्यातला अर्ध्याहून जास्त तू जाड पडद्याआड झोपून काढतोस आणि उरलेला ट्यूबलाइटखाली. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. उजेड मिळाला नाही की झोप, भूक, मूड सगळं पुढेमागे सरकतं. हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेंथाल यांनी केलं आणि तिला आजार म्हणून नाव दिलं. ती मुख्यतः दूर उत्तरेची गोष्ट, जिथे भर दुपारी काळोख पडतो. तुला ती झालीय असं मी म्हणत नाही. पण तलावपाळीपासून हाकेच्या अंतरावर राहून तू स्वतःपुरता नॉर्वे तयार केला आहेस, एवढं खरं.

आता तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायचं ठरतंय, असं आई सांगत होती. सूर्यनमस्काराला माझा विरोध कसा असेल? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते घरोघरी नेले, आमच्या शाळेत तर पी.टी.च्या तासाला तेच असायचे. पण वर्षभर खुर्चीत बसून माघ शुद्ध सप्तमीला एकदम १०८ म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टीचा अर्ज. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने सांगून ठेवलंय की थंडीच्या दिवसांतसुद्धा व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा. आणि ही मुभा कोणाला, तर अंगात बळ असलेल्याला, तूपदूध खाणाऱ्याला. कँटीनच्या मॅगीवर जगणाऱ्याने अर्ध्याचंही अर्धं करावं, हे माझं भाष्य. सहा घाल, सावकाश घाल. दम लागून तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांब. तिथे अर्धी शक्ती संपली असं समज.

पहाटे कॅबमधून उतरून थेट धावायला जाऊ नकोस. घोडबंदर रोडवर तर नकोच. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, गार हवा खाली बसून राहते आणि मेट्रोच्या कामाची धूळ, गाड्यांचा धूर तिच्यातच अडकतो. सकाळचं ते ‘धुकं’ बरचसं तेच असतं. ऊन चढलं, वारा सुटला की हवा जरा मोकळी होते. म्हणजे तुझी दुपारच बरी. पहाटे फिरणाऱ्यांना मिळत नाही ते तुला आयतं मिळतंय.

तर उठल्यावर चहा घेऊन गच्चीवर जा. मोबाईल खाली ठेव. टाकीजवळचा कट्टा उन्हात असतो, तिथे पाय पसरून बस. आधी फक्त पायाची बोटं आत मुडप, बाहेर ताण. मग घोटा फिरव, एका बाजूने, मग उलट. तुझा उजवा घोटा कटकट वाजेल, घाबरू नकोस, दुखत नसेल तर वाजू दे. मग गुडघा, मनगटं, खांदे. मान गोल गरगरा फिरवू नकोस, नुसती डावीकडे, उजवीकडे, श्वास सोडत. ही पवनमुक्तासनाची पहिली मालिका. आमच्या योगवर्गात ती करताना पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं, हा काय व्यायाम झाला? पण गारठ्यात आखडलेल्या स्नायूंना आधी ऊब लागते, ताण नंतर. मग चटईवर मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं ओणवं होऊन पाठ वरखाली करायची, आणि हलकं भुजंगासन, म्हणजे पालथं पडून नागासारखी छाती उचलायची. तुझी कंबर लॅपटॉपकडे वाकून धरली आहे, तिला उलट दिशा हवी. आणि जिन्याने खाली ये, लिफ्टने नको.

पहाटे घरी आल्यावर मात्र सूर्यनमस्कार नकोत. तेव्हा शरीराला जागं करायचं नसतं. भिंतीला लागून आडवा हो, पाय भिंतीवर सरळ टेकव आणि श्वास घेतलास त्याच्या दुप्पट वेळ सोड. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे तुझ्या त्या महागड्या घड्याळात पाहता येतं का बघ. जमलं तर चार-पाच वेळा भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं. आम्ही जागे होणार नाही, तुझी आई कुकरच्या शिट्टीनेही उठत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. हे सगळं करूनही दोनेक आठवडे मन उठलं नाही, कशातच रस वाटला नाही, जेवण उतरेना, नको ते विचार यायला लागले, तर आसनं बाजूला ठेव आणि मला सांग. आपण डॉक्टरांकडे जाऊ. नको ते विचार आलेच तर दोन आठवडेही थांबू नकोस, मला झोपेतून उठव. ‘ह्याला ठाण्याला भरती करा’ हा विनोद आपण ठाणेकरांनी जन्मभर ऐकलाय. ते मनोरुग्णालय १९०१ पासून आपल्या गावात आहे आणि आपल्या पिढीने त्याची टवाळीच जास्त केली. तू ती मनावर घेऊ नकोस. नौपाड्यात दाताच्या डॉक्टरकडे जातोस तसं जायचं. घरात बोलणं जड वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात आणि तुझ्या पाळीतही चालू असतो.

रविवारी मी दुपारी गच्चीवर असेन. आलास तर बोलू, नाही बोलायचं तर घोटे फिरवू.

तुझा,
बाबा

ता. क. : गच्चीची किल्ली सेक्रेटरी कोणाला देत नाहीत म्हणून मी जादा करून घेतली आहे. चपलांच्या कपाटामागे खिळ्याला आहे. आईला सांगू नकोस, ती लगेच पापड वाळत घालायला नेईल.