नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून काय होणार?

संपादक महोदय,

हल्ली कुणी जरा खचलेला दिसला की लगेच सल्ला मिळतो, पॉझिटिव्ह विचार कर. पण कसा करायचा ते कुणीच सांगत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांच्या लक्षात आलं की डिप्रेशनच्या पेशंटच्या डोक्यात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल वाईट विचार आपोआप येत राहतात आणि त्याला ते खरेच वाटतात, म्हणजे एका परीक्षेत नापास झाला की ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ इथपर्यंत गाडी जाते, मग तो अभ्यास सोडतो, पुन्हा नापास होतो आणि विचार अजून पक्का. बेक म्हणायचे तो विचार तपासा, पुरावा काय, दुसरी बाजू काय. खोटं गोड बोलायचं नाहीच त्यात! आणि हो, गरिबी किंवा आजार हे काही विचारांनी पळत नाहीत, तसं सांगणं म्हणजे त्या माणसावरच दोष ढकलणं, याचा मला फार राग येतो. विचार तपासायची ही पद्धत शाळेतच शिकवायला पाहिजे, आणि तोवर तुमच्या पेपरात मानसोपचारतज्ज्ञांचं एखादं साप्ताहिक सदर तरी सुरू करा ही मनापासून विनंती.

– एक वाचक