दिनूस पत्र: पर्वरीचं टेबल

फोंडा,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय दिनू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही याची लाज आहेच, पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. पर्वरीच्या गिऱ्हाइकाला करून दिलेलं टेबल तडकलं. फळीच्या मधोमध, टोकापासून आत ११ इंचांपर्यंत तडा. हे घरात कोणाला सांगून कळणार नाही, आणि तुला कळेल म्हणून तुला सांगायचीही भीती वाटते.

प्रकृती ठीक. साखर आहे तिथेच.

टेबल ६ बाय ३ फूट, १ इंची सागवान, दोन्ही टोकांना ४ इंची आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना मी पूर्ण लांबीभर सरस लावला. हो, शाणूच्या चौरंगावरून आपलं जे वाजलं होतं, तेच. "साग हलत नाही" हे मीच तेव्हा ठणकावून म्हणालो होतो. साग हलत नाही म्हणणारे बहुतेक साग विकणारे असतात, हे आता कळतंय. तो इतरांपेक्षा कमी हलतो, इतकंच. ओलावा १ टक्का उतरला की आडव्या कापाची सागाची फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के आकसते. जुलैत माझ्या पडवीत फळ्या १६ टक्क्यांवर होत्या. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये दिवसरात्र एसी. तिथे लाकूड १० च्या आसपास जाऊन बसतं. म्हणजे ६ टक्क्यांचा उतार आणि ९०० मिलिमीटर रुंदी: जवळजवळ १० मिलिमीटर गेले. टोकाच्या पट्टीचे रेषे मात्र त्याच दिशेने लांब पडलेले, आणि रेषांच्या लांबीत लाकूड आकसतच नाही म्हणायला हरकत नाही. दोघांना सरसाने बांधलं, मग एकाला फाटणं भाग होतं. सांधा शाबूत आहे, तेवढं तरी कौतुक कर.

तू म्हणत होतास तसंच करायला हवं होतं. कुसवाला, म्हणजे पट्टीच्या खाचेत शिरणाऱ्या फळीच्या जिभेला, सरस फक्त मधल्या ३ इंचांत. बाजूच्या खुंट्यांची भोकं कुसवात लांबट, प्रत्येक बाजूला ५-६ मिलिमीटर जागा ठेवून. फळी खालच्या चौकटीला स्क्रूने न आवळता, खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी धरायची. आणि उन्हाळ्यात पट्टीची टोकं फळीच्या कडेबाहेर थोडी डोकावतील, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर तेही आपलीच चूक म्हणून फोन करतात.

दुरुस्ती अशी योजलीय: फळी अजून तीन आठवडे त्यांच्याच हॉलमध्ये राहू दे, ओलावा स्थिर होऊ दे. मग दोन्ही पट्ट्या सांध्यावर कापून काढायच्या, तडा सरळ चिरून घ्यायचा, कडा रंधून पुन्हा जोडायच्या, १ इंची कुसू नव्याने काढायचं. टेबल ७२ वरून ७० इंचांवर येईल. बाई तयार आहेत. पैसे अर्थातच घेणार नाही.

पण दिनू, मला झोप लागत नाही ती या टेबलामुळे नाही. छंद होता तेव्हा फळी दोन पावसाळे पडून राहायची, आणि तिचं भाडं कोणी मागत नव्हतं. आता प्रत्येकाला चवथीच्या आत हवं. तुला ठाऊक आहे तो काळ: हवेत पाणी, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणायला गाडी काढावी तरी रस्त्यात डबकी, आणि त्यातच म्हणे पॉलिश करून द्या. लॅकर मारला की पांढुरका होतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. मेस्तकाका मिरग लागला की पॉलिशचं सामान माळ्यावर टाकायचे. मला वाटायचं आळस.

हिशोबात कुठे चुकलो तेही कळलं. टेबलाचं तयार लाकूड अडीच घनफूट भरतं; चिरणं, रंधणं, बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकणं धरता विकत घ्यायला हवं ४ घनफूट. तेवढं मी धरलं, मजुरी धरली. वाळवण्याचं काही धरलं नाही. जाडीच्या इंचाला वर्षभर वाळवावं म्हणतात, आणि आपल्या उघड्या शेडमध्ये जानेवारीतसुद्धा लाकूड १२-१३ च्या खाली जाता जात नाही. एसीवाल्या घरासाठी बंद खोली आणि दमटपणा ओढणारं यंत्र लागणार. यंत्र आणि खोलीत अडकलेलं लाकूड, हे दोन्ही भावात घ्यायला नकोत का?

ओलावा मोजायच्या मीटरवर तरी काय विसंबायचं? त्याच्या सुया वरच्या थरातच शिरतात. आता मी फळीच्या टोकाचा नाही, आतला तुकडा कापतो, वजन करतो आणि ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन थांबेपर्यंत ठेवतो. परवा ५८ ग्रॅमचा ५० झाला: १६ टक्के. ओव्हन हिचा आहे. केकला सागाचा वास येतो म्हणते.

मिरगानंतर ऑर्डर घ्यायचीच नाही असं ठरवतोय. चार महिने फक्त चिरणं, सांधे, कोरडी जुळणी. तू काय म्हणतोस? "धंदा असा नाही चालत" म्हणणार असशील तर पुढचं पत्र फोडणार नाही.

भाच्याच्या कपाटाचं: सावंतवाडीला माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटीची नोंदणी सहसा आधी करावी लागते, गोव्यातल्या गोव्यात ४० लाखांपर्यंत ती कटकट नाही. त्याला म्हणावं थांब थोडा. आणि तुमच्या कुळागराच्या बागेतला साग पाडायचा म्हणतोस, तर आधी गोव्याच्या १९८४ च्या झाडं राखायच्या कायद्याखाली वनखात्याची परवानगी काढ. जमीन आपली म्हणून झाड आपलं होत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? सुलूला नोकरी लागल्याचं ऐकलं, पेढे कुठे?

तुझे ते दोन लांब क्लॅम्प अजून माझ्याकडेच आहेत. ही फळी पुन्हा जोडायला चार लागतील. उरलेले दोन घेऊन तूच ये.

तुझा,
बाबल