आपल्याच गटातला विरोधी सूर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समविचारी माणसे एकत्र आली की त्यांची मते अधिक कडवी का होतात, हा प्रश्न निघाला की हल्ली बोट थेट मोबाइलकडे दाखवले जाते. आपल्याला रुचेल तेच पुढे आणणाऱ्या अल्गोरिदमचा यात वाटा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र सगळे खापर त्याच्यावर फोडले की आपण माणसे एकमेकांशी बोलताना काय करतो, हे पाहायचे राहून जाते, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे.

सर्ज मोस्कोव्हिसी आणि मारिसा झावालोनी या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फ्रान्समधील शाळकरी मुलांचे लहान लहान गट करून त्यांना फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि अमेरिकन लोक या दोन विषयांवर चर्चा करायला लावले होते. द गॉल यांच्याविषयी मुलांचे मत आधीच अनुकूल होते, ते चर्चेनंतर अधिक अनुकूल झाले. अमेरिकनांविषयी नाराजी होती, तीही चर्चेनंतर वाढली. पुढे २००५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अशाच स्वरूपाचा प्रयोग झाला. उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या बोल्डर शहरातील आणि परंपरावादी मानल्या जाणाऱ्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातील नागरिक आपापल्या गावकऱ्यांबरोबर बसून हवामानबदलासारख्या वादग्रस्त विषयांवर बोलले. दोन्हीकडची मते आपापल्या दिशेने अधिक टोकाला गेली, आणि चर्चेपूर्वी एकाच गटात जे बारीकसारीक मतभेद होते तेही बरेचसे पुसले गेले. चर्चेनंतरची मते प्रत्येकाकडून खासगीत नोंदवून घेतली होती, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. चारचौघांत मान डोलावणे वेगळे. येथे तर माणसांचे मनच बदलले होते.

याची कारणे गूढ नाहीत. दहा जण एकाच बाजूचे असले की बैठकीत युक्तिवादही त्याच बाजूचे येतात, आणि प्रत्येक जण स्वतःला न सुचलेले चार नवे मुद्दे घेऊन घरी जातो. शिवाय गटात आपली निष्ठा कमी दिसू नये म्हणून माणूस इतरांपेक्षा अर्धे पाऊल पुढे राहू पाहतो. या दोन्हींपेक्षा मला तिसरे कारण अधिक खोलवरचे वाटते. आपल्यापैकी बहुतेकांची मते सौम्य असतात, कारण आपल्याला पुरती खात्री नसते. ज्यांना आपण मानतो अशी माणसे तेच बोलू लागली की खात्री वाढते, संकोच गळून पडतो आणि नवा पुरावा काहीही हाती आलेला नसताना सौम्य मत ठाम होते.

यावर ‘विरुद्ध बाजूचेही वाचा’ हा उपाय सर्रास सुचवला जातो, पण तो वाटतो तितका सरळ नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील ट्विटर वापरणाऱ्यांना मोबदला देऊन महिनाभर विरोधी विचारांचे संदेश वाचायला लावले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्यांची मते नरम पडण्याऐवजी अधिक परंपरावादी झाली. बाहेरचा आवाज कानावर न पडणे ही एक स्थिती. तो पडताच बोलणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्याची सवय लागणे ही दुसरी, आणि या दुसऱ्या स्थितीत परक्याने कितीही समजावले तरी ते आपल्याच संशयाला दुजोरा देणारे ठरते.

म्हणून माझे लक्ष पुन्हा पुन्हा गटातल्याच एखाद्या असहमत माणसाकडे जाते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्याचे सोपे काम होते. खोलीतल्या बाकी सर्वांनी ठरवून एकच चुकीचे उत्तर दिले की साधारण एक तृतीयांश वेळा, हे संगनमत ठाऊक नसलेल्या माणसाचेही उत्तर त्यांच्या मागे जाई. परंतु बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर येई. तोच सोबती मध्येच बहुमताला जाऊन मिळाला की चुका पुन्हा वाढत.

माझ्या जुन्या मित्रांच्या मंडळात असा एक जण होता. कोणतीही बातमी आली की तो शांतपणे ‘हे कशावरून?’ असे विचारायचा. आधी त्याची थट्टा झाली, मग त्याच्या हेतूविषयी कुजबुज झाली, आणि हळूहळू त्याने विचारणे सोडून दिले. त्या काळात मी त्याच्या बाजूने एकदाही बोललो नाही, याची खंत मला आजही आहे. त्यानंतर आमच्या बैठका अधिक गोडीगुलाबीच्या झाल्या आणि एकमेकांचे म्हणणे तपासून पाहणे मात्र जवळजवळ थांबले.

समविचारी लोकांनी एकत्र येऊच नये, असे मी म्हणत नाही. एकेकट्याने ज्यांचा आवाज उमटत नाही, त्यांना आपल्या माणसांत बसूनच बोलण्याचे बळ मिळते, आणि अनेक न्याय्य चळवळी अशाच लहान बैठकांतून उभ्या राहिल्या आहेत. चर्चेतही मुळात दोष नाही. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिश्किन यांनी १९८८ साली मांडलेल्या पद्धतीत यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेल्या नागरिकांना दोन्ही बाजूंची माहिती आधी देऊन निष्पक्ष सूत्रधारासमोर बोलते केले जाते, आणि तेथे मते टोकाला जाण्याची ही ओढ सहसा दिसत नाही. रोजच्या बैठकीला सूत्रधार कोण आणणार, ही अडचण आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला थोडी जागा आणि मान देणे कोणत्याही गटाच्या आवाक्यातले आहे.

आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. पत्रव्यवहाराच्या सदरात अग्रलेखाचे कौतुक करणारी आणि त्यावर तुटून पडणारी, अशी दोन्ही पत्रे येतात. या दोहोंखेरीज, एरवी आपल्या भूमिकेशी सहमत असूनही एखाद्या मुद्द्यावर ‘येथे आपले चुकते आहे’ असे सकारण लिहिणाऱ्या वाचकाचे पत्र आले, तर ते आवर्जून आणि शक्यतो न कापता छापावे.

आपला,
एक नियमित वाचक