खुले पत्र : माझा मेजर विषय कोण ठरवणार?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात नव्या कॉलेजच्या ऑफिसात मला सांगितलं गेलं, "जिऑलॉजी आमच्याकडे नाही. केमिस्ट्री मेजर घे, नाहीतर परत एफ.वाय. कर." मला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून जिऑलॉजी (भूगर्भशास्त्र) हवी आहे. मी एफ.वाय.बी.एस्सी. पास आहे, एकही एटीकेटी नाही. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) ज्या सरकारी ऑनलाइन क्रेडिट बँकेत जमा होतात, तिच्या खात्यावर माझे ४४ क्रेडिट दिसतात. तरी हे ऐकावं लागलं, म्हणून आपला वेळ घेते आहे.

माझं गाव माणदेशातलं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उपचारासाठी आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात मामाकडे राहायला आलो. जिल्ह्याबरोबर विद्यापीठही बदललं. टीसी, मायग्रेशन, एनओसी, एलिजिबिलिटी फॉर्म, सगळं रीतसर केलं. या शहरात एका कॉलेजात जिऑलॉजी आहे. तिथले म्हणाले, तुझ्या पहिल्या वर्षाचे पेपर आमच्याशी जुळत नाहीत. काय जुळत नाही, असं विचारलं तर कुणी सांगेना. खनिजं, खडक, स्फटिकशास्त्र मी शिकले, तिथली मुलंही तेच शिकली. वडिलांना फिजिओथेरपीला न्यायचं आणि त्याच दिवशी या दारातून त्या दारात जायचं, असं चाललं आहे. आई म्हणते, मिळेल तो विषय घे आणि मोकळी हो. ती थकली आहे, तिला मी काय सांगू?

जिऑलॉजीच का, ते सांगते. मला भूजलावर काम करायचं आहे. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसाल्ट आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखं साठत नाही. वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत, सच्छिद्र पट्ट्यात ते असतं आणि अखंड काळ्या पाषाणात जवळपास नसतंच. म्हणून एका शेतातल्या बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडची बोअर कोरडी जाते. आमच्याकडे आजही तळहातावर नारळ ठेवून पाणाड्या जागा दाखवतो आणि माणसं कर्ज काढून तिथे बोअर पाडतात. माझ्या चुलत्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आपल्याच सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला खडक ओळखून पाण्याची जागा सांगणारा माणूस हवा असतो. त्या कामासाठी एम.एस्सी. लागते आणि एम.एस्सी.ला जिऑलॉजीचा पाया लागतो. आयआयटी मुंबईच्या अप्लाइड जिऑलॉजीला जायचं तर जॅम या प्रवेश परीक्षेचा पेपर द्यावा लागतो आणि पदवीला जिऑलॉजी शिकलेलं असावं लागतं. केंद्राच्या भूवैज्ञानिक परीक्षेला तर पदव्युत्तर पदवीच हवी. एस.वाय.ला जिऑलॉजी सुटली की ही सगळी दारं बंद.

ऑफिसातले म्हणाले, आता कोणत्याही मेजरवरून कशातही एम.एस्सी. करता येते, परीक्षा दिली की झालं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) तशी मुभा दिली आहे, हे मीही वाचलं आहे. पण प्रवेश देणारी संस्था आपली अट लावते, तेव्हा ती मुभा माझ्या काय कामाची? आणि परीक्षा पास झालेच, तरी खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली कधी न पाहिलेल्या मुलीने एम.एस्सी.च्या वर्गात काय करायचं?

साहेब, नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तुमचं आहे. जुलै २०२० मध्ये ते मंजूर झालं. २० एप्रिल २०२३ ला आपल्या खात्याने ते राबवण्याचा शासन निर्णय काढला आणि २०२४-२५ पासून सगळ्या संलग्न कॉलेजांना तो लागू केला. विद्यार्थ्याने कॉलेज बदललं तरी क्रेडिट त्याच्यासोबत जातील, हे तुम्हीच व्यासपीठांवरून सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. मोबाईलवर क्रेडिट दिसतात आणि खिडकीवरचा क्लार्क ते मानत नाही. मग ती बँक कुणासाठी काढली?

विषय निवडा म्हणता, पण निवडायला विषय शिल्लक तरी ठेवलेत का? राज्यात प्राध्यापकांची हजारो पदं रिक्त आहेत. आम्हाला खडक ओळखायला शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. सुट्टीत त्यांना मानधन नसायचं, तरी ते स्वतःच्या पैशाने आम्हाला घाटात खडक दाखवायला न्यायचे. त्यांच्यासारख्यांना तुम्ही वर्षानुवर्षं ताटकळत ठेवता आणि मग म्हणता, मुलं मूलभूत विज्ञानाकडे येत नाहीत. ज्यांच्याकडे पैसा आहे ते खाजगी विद्यापीठात जाऊन हवा तो मेजर घेतात. आमच्या वाट्याला जिथे जागा रिकामी तो विषय. हा अन्याय आहे आणि तो तुमच्या खात्याच्या नाकाखाली चालला आहे.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलांचे पेपर जुळतात की नाही, हे ठराविक मुदतीत आणि कारणासह लेखी कळवण्याचं बंधन घाला. जिथे विषय आहे तिथे दुसऱ्या वर्षाला अशा मुलांसाठी काही जागा ठेवा. तेही जमत नसेल तर प्रवेश एका कॉलेजात आणि मेजरचे तास व प्रात्यक्षिकं दुसऱ्या कॉलेजात करू द्या. दोन्ही कॉलेजं एकाच शहरात आहेत, बसने अर्धा तास लागतो. आणि मेजर पक्का करण्याआधी त्यामुळे पुढे कोणते अभ्यासक्रम बंद होतात, याचा तक्ता प्रत्येक कॉलेजात लावायला सांगा. केमिस्ट्री घेऊन बसलेल्या किती मुलामुलींना हे तिसऱ्या वर्षी कळतं!

एस.वाय.चे प्रवेश याच महिन्यात बंद होतात. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे' एवढंच उत्तर मला नको. माझा प्रवेश कोणत्या नियमाने अडवला, ते विद्यापीठाकडून लेखी मागवा आणि त्याची प्रत मला मुदत संपायच्या आत द्या.

आपली,
एस.वाय.च्या प्रवेशासाठी थांबलेली एक विद्यार्थिनी