भूतानची वीज आणि तिथली तरुणाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूतानच्या 'आनंदी' असण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. देशाची प्रगती केवळ उत्पन्नावर न मोजता लोकांच्या समाधानावर मोजण्याच्या भूतानच्या धोरणाचे, म्हणजे 'सकल राष्ट्रीय आनंदा'चे कौतुक त्यात भरभरून आहे. मात्र तो देश कशावर चालतो आणि तिथली शिकलेली मुले बाहेर का पडतात, याचा त्यात उल्लेखही नाही.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सोलापूर शहराहूनही कमी. १९५८ मध्ये पंडित नेहरू तिथे गेले तेव्हा मोटारीचा रस्ताच नसल्याने त्यांना तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावरून जावे लागले. १९६१ ची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावर उभी राहिली. तेव्हापासून शिक्षण आणि औषधोपचार मोफत देत भूतानने डिसेंबर २०२३ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून नाव काढून घेतले, ही कामगिरी खरोखर मोठी आहे. (भूतान पर्यटकांकडून घेतो त्या प्रतिदिनी बाराशे रुपयांच्या शाश्वत विकास शुल्कावर कुरकुरणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांनी हेही ध्यानात घ्यावे.)

मोफत शिक्षण आणि उपचारांच्या या खर्चाचा मोठा आधार म्हणजे भारताला विकली जाणारी वीज. चुखा, ताला, मांगदेछू हे जलविद्युत प्रकल्प भारताच्या साहाय्याने झाले. पण चुखा आणि ताला यांच्या खर्चात ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज होते, तर मांगदेछूत अनुदान ३० टक्क्यांवर आले. पुनात्सांगछू-१ या आणखी एका प्रकल्पाचे धरण तर डोंगराची कडा सरकू लागल्याने वर्षानुवर्षे रखडले आणि खर्च फुगत गेला. त्यातच हिवाळ्यात नद्या आटल्या की वीज विकणाऱ्या याच देशाला भारताकडून वीज घ्यावी लागते.

माझ्या मते खरी अडचण याहून वेगळी आहे. जलविद्युत केंद्र एकदा सुरू झाले की ते चालवायला थोडी माणसे पुरतात. बांधकामावरची मजुरी बव्हंशी सीमेपलीकडून आलेले भारतीय मजूर करतात. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या भूतानी पदवीधराला हवी असते सरकारी नोकरी. तिथे जागा मोजक्या, म्हणून तो ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळवतो. शिक्षक आणि परिचारिकासुद्धा राजीनामे देऊन जात आहेत. ज्यांच्या शिक्षणावर वीजविक्रीचा पैसा खर्ची पडला, त्यांच्यासाठी त्याच विजेने देशात काम निर्माण केले नाही.

आसामच्या सीमेलगत गेलेफू येथे नवे शहर वसवण्याची घोषणा राजांनी २०२३ च्या अखेरीस केली असून कोक्राझारहून तिथवर रेल्वे नेण्याचेही ठरले आहे. स्वस्त वीज सीमेपार पाठवण्याऐवजी तिच्यावर चालणारे उद्योग तिथेच उभे राहणार असतील, तर या शहराला अर्थ आहे. त्यात भारतीय गुंतवणूकदारांना कोणत्या अटींवर प्रवेश मिळणार आणि नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा किती राहणार, यावर आपल्या वार्ताहराने सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे